कापलेला कोपरा

इंदिरानगर, नाशिक
९ नोव्हेंबर २०२४

ती. सरिताताईस,
वाल्मीकचा नमस्कार.

आधी ही यादी वाच, मग पुढचं. कांद्याची प्रतवारी करायची यंत्रं, आजवर एकोणचाळीस; पहिलं सायकलच्या चेनवर चालायचं, आताची अर्ध्या एचपीच्या मोटारीवर चालतात. तुझ्या घोटीच्या मेडिकलचं शटर, ज्याला सत्तावीस वर्षांत तेलाच्या चार थेंबांपलीकडे काही लागलं नाही. भात वारवायचा पंखा, तुझ्या सासऱ्यांसाठी. आमच्या हर्षालीचा, पोरगी झाली तेव्हा केलेला पाळणा, जो आता नात्यातल्या चौथ्या घरात आहे. माझ्या घराचा जिना, अकरा पायऱ्या, प्रत्येक साडेसतरा सेंटिमीटर, मोजून बघ. आईला शेवटी शेवटी उठता येईना तेव्हा केलेली लोखंडी खुर्ची. यातलं एकही मला कुठल्या मास्तरने शिकवलेलं नाही. दहावीत गणितात नापास झालेला माणूस मी.

हे सगळं अशासाठी सांगतो की परवा गोटीरामच्या जीपने तुझं पाकीट मुंबई नाक्यावर आलं आणि ते रिकामं निघालं. आत गोळ्या नाहीत. चिठ्ठी आहे. ‘आधी डॉक्टरला दाखव, रक्त तपास, मग गोळ्या.’ मी नाक्यावर उभा राहून ते पाकीट तीनदा झटकलं. गोटीराम म्हणतो, “शेठ, मी काय खाल्ल्या नाय तुमच्या गोळ्या!”

ताई, आठ वर्षं दर महिन्याला पाकीट येतं. आधी रोज एक, गेली चार वर्षं रोज दोन. पँटोप्राझोल, ॲसिडिटीची गोळी, चाळीस मिलिग्रॅमची. तू पाठवतेस, मी घेतो. छातीत जळत नाही. चालू यंत्राला हात लावू नये हा माझा पहिला नियम आहे. घरात अठ्ठावीस शिल्लक आहेत आणि साठा चौदा दिवसांच्या खाली गेला की मला चैन पडत नाही, हे तुला माहीत आहे.

रक्त कशाला तपासू? थोडी बोटं आखडतात, ती थंडीने. रात्री पोटरीत गोळे येतात, ते दिवसभर उभं राहून. त्याचा पोटाशी काय संबंध?

एक मात्र तुझं कौतुक करतो. स्ट्रिपचा कोपरा तू नेहमी कात्रीने उडवून पाठवतेस. पत्र्याचा टोकदार कोपरा हाताला बोचतो, मीही माझ्या प्रत्येक यंत्राचे कोपरे मारतो. दुकानदारीत एवढं फिनिशिंग कोणी बघत नाही. आपल्या घराण्यातच ते आहे.

गोटीराम बुधवारी परत येतोय. त्याच्याकडे साठ दे.

तुझा,
वाल्मीक


घोटी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. वाल्मीक,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू ऐकत नाहीस, पुढचं बोलायची वाट बघतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

गोळ्या पाठवलेल्या नाहीत. रागावून घे.

भाऊबीजेला तू ओवाळणीची नोट ताटात टाकलीस. टाकलीस म्हणजे टाकायला गेलास. तुझी बोटं उघडलीच नाहीत. तू हसून डाव्या हाताने नोट सोडवून घेतलीस आणि म्हणालास, “बघ, पैसा सुटत नाही माझ्याकडून.” सगळे हसले. मी नाही हसले. तुझा तो उजवा हात मी तू सात वर्षांचा असल्यापासून बघते आहे. डब्याच्या पत्र्याची गाडी केली होतीस तेव्हापासून.

आता माझा कबुलीजबाब. आठ वर्षांपूर्वी इथल्या डॉक्टरांनी तुला ही गोळी लिहून दिली, ती सहा आठवड्यांसाठी. चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. काल काढून बघितली. सहा आठवडे! त्यानंतर डॉक्टरांनी तुला पाहिलेलं नाही. मीच पाठवत राहिले. भावाला रिकामं पाकीट कसं पाठवायचं? चार वर्षांपूर्वी तू म्हणालास, “एकीने भागत नाही, दोन पाठव.” मी दोन पाठवल्या. मी डी. फार्म. झालेली बाई, काउंटरवर तीस वर्षं बसलेली. गिऱ्हाईक असतं तर विचारलं असतं. भावाला नाही विचारलं.

ही गोळी वाईट नाही. ज्याला लागते त्याला ती वाचवते. पण पोटातलं आम्ल काही उगाच नसतं. वर्षानुवर्षं ते दाबून ठेवलं तर काही लोकांच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, मग बोटं आखडतात, पोटऱ्या वळतात, हात थरथरतो. बी-बारा कमी होतं, मुंग्या येतात. हाडं ठिसूळ होण्याची भीती असते, आतड्याचं दुखणं लवकर लागतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. तुला झालंय असंही मी म्हणत नाही. ते रक्त सांगेल.

आणि हे ठळक वाच: स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नकोस. एकदम सोडली तर आम्ल दुप्पट उसळतं, माणसाला वाटतं आपलं दुखणंच वाढलं. डॉक्टरकडे जा. जाताना घरात जी जी गोळी असेल ती एका पिशवीत घालून ने. जी जी म्हणजे सगळ्या.

तुझी,
सरिता

ता. क. कोपऱ्याची तुझी थट्टा वाचून हसू आलं. तेवढ्यासाठी तरी पत्र लिहीत जा.


इंदिरानगर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरकडे जाणार नाही असं मी म्हणत नाही. पण आधी घरातल्या घरात जे मोजता येतं ते मोजून मगच दुसऱ्याच्या दारात जावं, ही माझी पद्धत आहे.

तू म्हणतेस एकदम सोडू नको. सोडली नाही. निम्मी केली. त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात गोळीच्या मापाची खाच पाडली, वर करवतीच्या पात्याचा तुकडा बिजागरीवर बसवला. पातं बरोबर मध्यावर पडतं. सोनाराच्या काट्यावर दोन्ही तुकडे तोलले, फरक धरता येत नाही. सोळा गोळ्यांचे बत्तीस तुकडे केले आणि डबीत ठेवले. तुझ्या कंपन्यांनाही असं जमणार नाही.

उशांचंही बघितलं. डोक्याखाली तीन उशा घेतल्या तर मान मोडते आणि पोट आणखी दुमडतं. म्हणून पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा दिल्या. अख्खा पलंगच उतरता झाला. तत्त्व बरोबर आहे, आम्लही पाण्यासारखं उतारानेच जाणार. अडचण एकच, छाया सकाळी पायथ्याशी सापडते. म्हणते, “मला काय घसरगुंडीवर लग्न करून आणलंय का?” तिला काही कळत नाही. गादीखाली काथ्याची चटई टाकली की घसरणं थांबेल.

निकाल: पहिले दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवसापासून जळजळ. आता घशापर्यंत येतं. उभा राहिलो तरी येतं, बसलो तरी येतं. मी दुकानात येरझाऱ्या घालतो. वर्कशॉप म्हणायचं आहे, दुकान लिहिलं गेलं. सहन करतो आहे, कारण तूच लिहिलंस की उसळतं. म्हणजे पद्धत बरोबर चालली आहे.

हात उत्तम आहे. लासलगावच्या जयराम व्यापाऱ्याचं यंत्र, चाळिसावं, १८ तारखेला दिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. पेन खराब आहे.

तुझा,
वाल्मीक


इंदिरानगर
२ डिसेंबर २०२४

ती. सरिताताईंना,
छायाचा नमस्कार.

मी हे लिहिलंय ते यांना कळू देऊ नका. बाहेर गेलेत तेवढ्यात लिहितेय.

पेन खराब नाही ताई. हात खराब आहे. जयरामशेठचं यंत्र टेम्पोत घालून परत आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. यंत्रात सळ्यांची जाळी असते ना, सळ्यांमधल्या फटीतून बारीक कांदा, म्हणजे गोलटी, खाली पडतो आणि मोठा पुढे जातो. ती फट सगळीकडे पंचेचाळीस मिलिमीटर पाहिजे. जयरामशेठनी दारातच फटीत मूठ घातली. म्हणाले, “वाल्मीकशेठ, तुमी पंचेचाळीस म्हनला व्हता ना? ह्यातून माझी मूठ जाती. गोलटी आन् मोठा माल येका पोत्यात पडला तर लिलावात माझं तोंड काळं व्हतंय. हे तुमचं काम हाय का दुसऱ्या कोणाचं?”

यांनी माप लावलं. कुठे सत्तेचाळीस, कुठे एकोणपन्नास. वेल्डिंगचा टाका मारताना हात हलला होता, आणि यांना तो हललेला कळलाही नव्हता. जयरामशेठनी पंधरा जानेवारीपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर यंत्र दुसरीकडून घेतील. लासलगावात गोष्ट पसरायला एक लिलाव पुरतो. त्या दिवसापासून हे रोज वर्कशॉप उघडतात, सळई हातात घेतात आणि खाली ठेवतात. परवा मला विचारलं, “हात गेला तर मी कोण गं?”

गोळीचे तुकडे परवा संपले. आता पोटासाठी काहीच घेत नाहीत. उलटी आल्यासारखं होतं, चहावर चहा पितात. जेवण रात्री दहाला आणि लगेच पाठ टेकवायची. तुम्ही सगळ्या गोळ्या पिशवीत घाला लिहिलंत. एक ते तुम्हाला सांगणार नाहीत: खांदा दुखतो म्हणून इथल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात. दोन वर्षं झाली. रोज. तुमची आणि ती, दोन्ही गोळ्या नेमाने घ्यायचे, जेवून हात धुतले की एकदम.

काय करू ते कळवा. माझ्या नावाने नको.

तुमची,
छाया


घोटी
५ डिसेंबर २०२४

वाल्मीक,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

एक. तुझ्या त्या ठोकळ्याला आग लाव. गोळीवरचं कवच शोभेसाठी नसतं. पोटातल्या आम्लाने औषध खाऊन टाकू नये, ते आतड्यात पोचून मगच विरघळावं म्हणून ते असतं. तू बरोबर मध्यावर पातं मारून बत्तीस वेळा कवच फोडलंस. निम्मी गोळी नाही घेतलीस, जवळजवळ काहीच नाही घेतलंस. म्हणजे एकदम सोडलीस. मी ठळक लिहिलं होतं.

दोन. दुखण्याची गोळी. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. ती गोळी पोटाचं अस्तर खरवडते. तू वरून रोज खरवडायचास आणि खालून रोज मलम लावायचास, आणि आता मलम काढून घेतलंस, खरवडणं चालूच आहे. शौचाला काळं होतं का? होत असेल तर पत्र अर्धं टाकून आत्ता दवाखान्यात जा.

तीन. तू गोळी जेवल्यावर घेतोस?

आठ वर्षं?

वाल्मीक, स्ट्रिपचा कोपरा कापलेला म्हणजे उपाशी पोटी घ्यायची. खाण्याआधी अर्धा तास. आमच्या मामंजींनी दुकान काढलं तेव्हापासूनची ही रीत आहे. डोंगरातून येणाऱ्या माणसांना वाचता येत नव्हतं, पाकिटावर लिहून काय उपयोग? म्हणून कोपरा. कोपरा गेला की पोट रिकामं पाहिजे. तू लिहिलंस फिनिशिंग, मला वाटलं थट्टा करतोस. काल वरच्या पाड्यावरची भागीबाई आली होती. तिला विचारलं, “भागीबाई, हा कोपरा कशाला?” ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणे, “भाकरीआधी. येवढं काय पोराला बी कळतं.”

भागीबाई अक्षर वाचत नाही, कोपरा वाचते. माझा भाऊ अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडतो आणि त्याने आठ वर्षांत एकदा विचारलं नाही की बाई, हा कशाला कापतेस. जेवल्यावर घेतलेली ती गोळी अर्धीमुर्धीच लागते. म्हणूनच तुला एकीने भागेना. म्हणूनच दोन. मीही विचारलं नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणे.

ज्यांनी पहिली चिठ्ठी दिली त्या डॉक्टरांना विचारून दहा गोळ्या पाठवते आहे. रोज एक, सकाळी, चहाच्याही आधी अर्धा तास, अख्खी गिळायची. दुखण्याची गोळी बंद. दहा दिवसांत तिथल्या डॉक्टरसमोर बस. अकरावी गोळी माझ्याकडून येणार नाही.

सरिता


घोटी
१९ डिसेंबर २०२४

चि. वाल्मीक,

दहा दिवस होऊन गेले. तुझं पत्र नाही. फोन छाया उचलते आणि “ठीक आहेत” एवढंच म्हणते, म्हणजे तू शेजारी उभा असणार. गोटीराम सांगतो की वर्कशॉपला कुलूप आहे. सत्तावीस वर्षांत दसऱ्याच्या दुपारीसुद्धा तू कुलूप लावलं नाहीस.

भांडायचं तर भांड. पण चार ओळी पाठव. आज तीनदा शटर वर करून रस्ता बघितला.

सरिता


इंदिरानगर
२९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
नमस्कार.

आधी छायाबद्दल. तिने तुला लिहिलं ते मला त्याच दिवशी कळलं. माझं पेन उजवीकडे ठेवलेलं असतं, ते डावीकडे होतं. उचलून जागेवर ठेवलं.

तुझं पत्र वाचलं. दुखण्यापेक्षा भागीबाई लागली. मी जुन्या स्ट्रिपा काढल्या. त्या मी टाकत नाही, पत्र्याच्या डब्यात तारखेने लावून ठेवतो. सगळ्या समोर मांडल्या. प्रत्येकीचा कोपरा त्याच बाजूने, त्याच तिरकसपणे कापलेला. कुठलीही धार मोडायची असती तर चारही कोपरे मारले असते ना? मीच मारतो चारही. एकच का मारला, हा प्रश्न माझ्या यंत्रावर कोणी केला असता तर मी अर्धा तास बोललो असतो. इथे आठ वर्षं डोळ्यांसमोर होता आणि मी स्वतःचं कौतुक वाचत बसलो.

सोळा तारखेला डॉक्टरकडे गेलो. बाई आहेत, हर्षालीच्या वयाच्या. पिशवी टेबलावर उपडी केली. त्या विचारत गेल्या, “किती वर्षं काका?” “आठ.” “कधी घेता?” “जेवण झाल्यावर.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “काम काय करता?” “कांद्याची यंत्रं.” “मग ऐका. लिलाव उठल्यावर ट्रॅक्टर नेलात तर बोली लागेल का? तुम्ही रोज लिलाव उठल्यावर जाताय.” मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकं नेमकं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आकडे: मॅग्नेशियम १.१. खालची हद्द १.७. बी-बारा खालच्या हद्दीच्या निम्म्यावर. घशातून नळी घालून पोट पाहिलं. लहान जखम आहे, वाईट काही नाही. मॅग्नेशियम बाटलीतून चढवलं, दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणून कुलूप. मी छायाला सांगितलं होतं ताईला कळवू नको. ते माझं चुकलं.

दुखण्याची गोळी बंद. खांद्याला शेक आणि व्यायाम. ॲसिडिटीची गोळी रोज एक, जखम भरेपर्यंत, उपाशी पोटी, मग वीसची, मग त्या म्हणतील तसं. मी विचारलं, “कायमची कधी सुटणार?” म्हणाल्या, “सुटेलच असं लिहून देत नाही. कदाचित कधीतरी लागेल. लागली तर घ्यायची, पण कशासाठी आणि कधीपर्यंत हे माहीत असायला हवं.” असं बोलणारा माणूस मला पटतो.

जेवण साडेसातला, पाठ टेकवायची साडेदहानंतर. चहा पाचवरून दोन. त्यांनी आणखी एक विचारलं, काम करताना पोट दाबलं जातं का. मी घरी येऊन उभा राहिलो आणि बघितलं. चामड्याचा ॲप्रन कमरेला गच्च बांधतो आणि जेवल्या जेवल्या टेबलावर वाकतो, दोन दोन तास. म्हणजे भरलेली पिशवी दाबून उलटी धरायची आणि वर म्हणायचं, सांडते कशी? ॲप्रनचा पट्टा काढला, खांद्यावरून दोन पट्टे शिवले. टेबल अठरा सेंटिमीटर उंच केलं.

टेबल उंच करताना चार टाके मारले. हात हलला. पण या वेळी हललेला कळला.

जयरामच्या मुदतीला सतरा दिवस उरलेत.

वाल्मीक


घोटी
६ जानेवारी २०२५

चि. वाल्मीक,
अनेक आशीर्वाद.

पत्र काउंटरवरच वाचलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबवलं.

तू तुझ्या स्ट्रिपा मांडल्यास, मी माझी वही डिसेंबरातच मांडली होती. वर्षाहून जास्त काळ हीच गोळी नेणारी माणसं, तेवीस. एकेकाला पुढच्या खेपेला गोळीऐवजी चिठ्ठी देते आहे: आधी डॉक्टर. चौघांनी शिव्या दिल्या. एक म्हणाला, “बाई, धंदा करायचा नाय का?” आजवर अकरा जण जाऊन आले. सात जणांची कमी झाली किंवा थांबली. भागीबाईची मात्र थांबवायची नाही, डॉक्टरांनी बजावून सांगितलं. तिला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे आणि मागे एकदा पोटात रक्तस्राव झाला होता. तिने ही सोडली तर जीवावर बेतेल. एकच गोळी, एकाला जड आणि एकीला आधार. तीस वर्षं मी सगळ्यांना सारखीच बांधून देत होते.

कोपरा अजून कापते. पण आता कापताना तोंडाने सांगते. समोरच्याकडून परत म्हणवूनही घेते.

जयरामकडे आणखी आठ दिवस माग. लाज वाटायला नको.

सरिता


इंदिरानगर
१३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

जयरामकडे मी दिवस मागितले नाहीत, पण चौदा जानेवारीला संक्रांतीचा तिळगूळ घेऊन लासलगावला गेलो आणि खरं सांगितलं. म्हटलं, “हाताला दुखणं होतं, मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. घाई केली तर पुन्हा तेच होईल.” तो मार्केटात ट्रॅक्टरच्या रांगेत उभा होता. म्हणाला, “दुखणं असं सांगाया काय झालं व्हतं? म्या गावभर म्हनत सुटलो वाल्मीकशेठ म्हातारा झाला.” वर म्हणाला, उन्हाळ कांदा यायच्या आत द्या.

मार्चच्या आठ तारखेला यंत्र दिलं. बासष्ट सळ्या. प्रत्येक फट तीन ठिकाणी मोजली, वर, मध्ये, खाली. सर्वात जास्त फरक चार दशांश मिलिमीटर. पूर्वी दोन दशांश असायचा. म्हणजे हात पुरता आलेला नाही. पण माझा आहे. जयरामने फटीत मूठ घालून बघितली. अडकली. हसला आणि तशीच अडकलेली ठेवून चहा मागवला. मी घेतला नाही, त्या दिवसाचे दोन झाले होते.

मॅग्नेशियम १.९. गोळी वीसची, एक दिवसाआड. गेल्या महिन्यात जेवण पुढे ढकललं गेलं त्या दोन दिवशी जळलं, बाकी नाही.

विटा काढल्या. लोखंडी अँगलचा पलंगच नवा केला. लांबी एकशे नव्वद, उशाकडे पायथ्यापेक्षा वीस सेंटिमीटर उंच, म्हणजे सहा अंशांचा उतार. मधोमध आडवी पट्टी आणि पायथ्याला उशी लावलेली फळी. छाया आता सकाळी जिथल्या तिथे सापडते. म्हणते, “एवढ्या वर्षांत पहिलं काहीतरी माझ्यासाठी केलंत.” ते खरं नाही, पोळपाट केला होता.

शेजारच्या दोघांनी तसाच पलंग करून घेतला, आणि त्यातल्या एकाच्या ओळखीने गुरुवारी गाद्या विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. दिनेश नाव. सभ्य मुलगा. पलंगावर झोपून बघितलं, फोटो काढले. म्हणाला, “काका, ही डिझाइन आम्हाला द्या. जाहिरातीत तुमचा फोटो, तुमचा पलंग, आणि खाली एक वाक्य: माझी ॲसिडिटीची गोळी कायमची सुटली.”

मी म्हटलं, “सुटलेली नाही. एक दिवसाआड आहे.”

“काका, जाहिरात आहे ती. कोण मोजायला येणार?”

“मी मोजतो. पलंग घ्या, माप घ्या, फोटो घ्या. वाक्य बदला. लिहा, डॉक्टरला विचारून कमी झाली.”

त्याने ऑफिसला फोन लावला. बाहेर अंगणात फिरत बोलला, मी आत फिरत राहिलो. ताई, खोटं का बोलू, मला तो पैसा दिसत होता. नवं ड्रिल मशीन दिसत होतं, वर्कशॉपवरचा पत्रा दिसत होता. माझं नाव छापलेलं तर फारच दिसत होतं. एवढं एक वाक्य. आणि मग घोटीच्या स्टँडवर तो बोर्ड लागलेला दिसला, त्याच्याखाली भागीबाई उभी. तिला वाचता येत नाही. पण शेजारचा कोणी पोरगा मोठ्याने वाचेल, आणि ती आपली कोपरा कापलेली पट्टी तिथेच फेकून देईल.

दिनेश आत आला. म्हणाला, “वाक्याशिवाय पलंग विकला जात नाही म्हणतात. वाक्य असेल तर आज सही, आज चेक.”

बुधवारी गोटीरामकडे वीसच्या पंधरा गोळ्या दे. चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. कोपरा काप.

चेक सहा लाख चाळीस हजारांचा होता. मी नाही म्हणालो.

तुझा,
वाल्मीक